गाइड शेवटी बाहेर पडतो

बाबांची बॅग मी गाडीच्या डिकीत ठेवली आणि वर त्यांचाच जुना रेनकोट पसरला, चोरीचा माल झाकावा तसा. आत पायजमे, दाढीचं सामान, आईचा फोटो आणि लोकरीची टोपी एवढंच होतं. बाबांना सांगितलं होतं, आपण गुहा बघायला चाललोय. ते खोटं नव्हतं. फक्त गुहेनंतर आम्ही घरी येणार नव्हतो, एनिस गावाच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात जाणार होतो, हे सांगायचं राहिलं होतं. आठवडाभर राहिलं होतं. सकाळी न्याहारीला सांगू म्हटलं, तर ते इतक्या समाधानानं अंडं खात होते की माझी जीभ उचलेना. मग ठरवलं, गाडीत सांगू.

"चहाच्या आत आणा हं," आश्रमाच्या मेट्रनबाईंनी फोनवर बजावलं होतं. "अंधारात आणलेली माणसं रात्रभर दार शोधत बसतात."

गाडीत सांगावं, तर वाटेत पॅट हेहिरच्या गाई आडव्या आल्या. ऑक्टोबर सरत आला की आमच्याकडे जनावरं डोंगरावर चढवतात. बाकीचं जग थंडीत जनावरं खाली आणतं, आम्ही वर नेतो. आमचा चुनखडीचा खडक उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो आणि वरचं गवत कोरडं असतं. एरवी मला ते बघायला आवडतं. त्या दिवशी मी स्टिअरिंगवर बोटं आपटत घड्याळ बघत होते. बाबांनी काच खाली केली आणि दोन बोटं हवेत नाचवत सगळा कळप मोजला.

"पॅट, एक कमी आहे रे!"

"बरोबर आहे, सेनन," पॅट काठी उंचावून म्हणाला. "लंगडी मागं राहिलीय, आणतायत तिला. तुझी नजर अजून शाबूत आहे बघ!"

नजर शाबूत होती. बाकीचं मात्र हळूहळू हातातून निसटत चाललं होतं. किटली गॅसवर जळून कोळसा झाली. शेजारच्या मिसेस बर्कना ते माझ्या गेलेल्या आईच्या नावानं हाका मारायला लागले. दोनदा ते घरातल्या सपाता घालून गुहेच्या रस्त्यावर सापडले, 'कामाला चाललोय' म्हणत. माझा भाऊ ऑस्ट्रेलियात. तो फोनवर म्हणतो, "कार्मेल, तुला योग्य वाटेल ते कर." म्हणजे केलं तरी वाईट मी, नाही केलं तरी वाईट मीच.

खरं सांगायचं तर मला ती गुहा लहानपणापासून नकोशी. रविवारी प्रार्थना आटोपली की इतरांचे बाप घरी यायचे, आमचा बाप जमिनीखाली जायचा. हे गाइड, आणि गाइड असल्याचा केवढा तोरा! आत शिरताना सगळ्यांच्या पुढे, बाहेर पडताना सगळ्यांच्या मागे. आत जाताना आणि निघताना प्रत्येकाच्या हेल्मेटवर दोन बोटांनी टकटक करून माणसं मोजायची. ती सवय ते घरीही आणायचे. जेवायच्या वेळी आईच्या, माझ्या आणि भावाच्या डोक्यावर टकटक करायचे, "तीन" म्हणायचे आणि टेबलावर तीन ताटल्या मांडायचे.

"आणि तू रे, सेनन?" आई म्हणायची. "तू काय कुत्र्याबरोबर जेवणार?"

दर रविवारी तेच, आणि दर रविवारी आम्ही हसायचो.

गुहेच्या लोखंडी दारापाशी ऑर्ला हेल्मेटं वाटत होती. ती मालकांची सून. तिला हे काम बाबांनीच शिकवलं. तिनं बाबांच्या गालावर गाल टेकला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "कसे आहेत गं?"

"आज छान आहेत," मी म्हणाले. किटली, सपाता, डिकीतली बॅग, सगळं मी त्या 'छान'मध्ये कोंबलं. खरं बोलले असते तर तिनं त्यांना आत घेतलंच नसतं. आणि आश्रमात पाऊल टाकण्याआधी त्यांना एकदा तरी त्यांची गुहा दाखवायची, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

बाबा पाहुण्यांमध्ये उभेच राहिनात. ते जाऊन ऑर्लाच्या शेजारी उभे राहिले, तोंड आमच्याकडे करून.

"सेनन, आज तुम्ही माझे पाहुणे," ऑर्ला म्हणाली. तिनं त्यांना हाताला धरून माझ्याजवळ आणलं, सगळ्यांच्या हेल्मेटवर टकटक केली आणि तिकीटघराकडे ओरडली, "चौदा!"

"तेरा," बाबा म्हणाले.

"चौदा आहोत, बाबा."

"तेरा गं. मला मोजायला शिकवतेस?"

मंडळी हसली. मीही हसले, आणि त्यांची बाही धरली. मोजणं हे एक तरी अजून नीट चालतं, असं मी तासाभरापूर्वीच मनाशी म्हटलं होतं.

आत आमची वाट उतरत गेली. ऑर्ला एकेका दालनातला दिवा पुढे लावायची आणि मागचा विझवायची, कारण दिवे चालू राहिले तर दगडावर शेवाळ धरतं. छतावरून मानेवर थंड थेंब पडत होते. मी बाबांची बाही घट्ट धरली होती. आमच्या पुढे कॉर्क शहरातला एक जाडजूड गृहस्थ होता, बायको आणि छोट्या मुलीसकट. ऑर्लानं तोंड उघडायच्या आत तो सांगून मोकळा व्हायचा. "हे सगळं एकेकाळी समुद्राखाली होतं बरं का!" कॉर्कच्या माणसाला काही शिकवावं लागत नाही, तो आईच्या पोटातूनच शिकून येतो.

"डोकं सांभाळा, मंडळी," ऑर्ला म्हणाली. "दगडाला काही होणार नाही." तो विनोद बाबांचा. मग तिनं जमिनीतून वर आलेला एक बसकट लवणस्तंभ दाखवला. "हे आमचे बिशप. शंभर वर्षांत नखाएवढे वाढतात. पण खऱ्या बिशपपेक्षा बरे, निदान आपलं ऐकून घेतात." तोही बाबांचाच. मी त्यांच्याकडे बघितलं, वाटलं खूश होतील. ते बिशपकडे बघतच नव्हते. ते माणसांच्या डोक्यांवरून बोटं फिरवत होते.

"कार्मेल, एक जण कमी आहे."

"सगळे आहेत, बाबा."

"ती चौदा म्हणाली. इथं तेरा आहेत."

"मग तेराच असतील. गप्प बसा बघू जरा."

ते गप्प बसले, पण मोजायचे थांबले नाहीत. पुढच्या दालनात परत मोजलं. त्याच्या पुढच्या दालनात परत. प्रत्येक वेळी ओठ हलायचे, मान नकारार्थी हलायची आणि ते मागे वळून आम्ही सोडून आलेल्या अंधाराकडे बघायचे. माझा जीव टांगणीला लागला होता. आत्ताच ऑर्लाला सांगावं आणि परत फिरावं, असं दहादा मनात आलं. नाही सांगितलं. माझं खोटं उघडं पडेल याची लाज वाटली, दुसरं काही नाही.

शेवटच्या दालनात वाट संपते. कठड्यापलीकडे एक बुटकं भुयार खाली पाण्याकडे उतरतं. बाबांच्या तरुणपणी लोकांना तिथपर्यंत नेत असत. मग कोणीतरी घसरलं आणि ती वाट बंद झाली.

"आता मी दिवा घालवणार," ऑर्ला म्हणाली. "असा अंधार बाहेर कुठे मिळत नाही. कठडा धरा आणि जागचे हलू नका."

अंधार झाला. डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात कॉर्कच्या मुलीनं किंकाळी फोडली आणि जो हात सापडला तो दोन्ही हातांनी पकडला. तो माझा होता, बाबांची बाही धरलेला. मी तिला थोपटायला गेले, "अगं, काही नाही, काही नाही." एवढाच काय तो वेळ.

दिवा लागला, तेव्हा माझ्या शेजारी कोणी नव्हतं.

"बाबा?" मी म्हणाले. मग ओरडले. दगडांनी माझाच आवाज मला परत दिला.

ऑर्लाचा चेहरा पांढराफटक पडला. "ते वाट विसरायचे नाहीत, कार्मेल. त्यांना इथला दगड न् दगड..."

"ते सगळं विसरतात," मी म्हणाले. "स्वतःचं घर विसरतात. मी तुझ्याशी खोटं बोलले."

रागवायलाही तिला सवड नव्हती. पाहुण्यांना सोडून गाइडनं कोणाला शोधायला जायचं नसतं. आधी त्यांना बाहेर काढायचं, हा नियम. तिनं तिची बॅटरी माझ्या हातात कोंबली. "मी यांना सोडते आणि माणसं घेऊन येते. तू इथंच थांब. कठड्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, ऐकतेयस ना?"

"या वयाच्या माणसाला आणावंच कशाला अशा ठिकाणी," कॉर्कचा गृहस्थ बायकोला म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या हळू. पहिल्यांदाच त्याचं म्हणणं बरोबर होतं.

त्यांची पावलं लांब गेली. मी कठड्याला धरून उभी होते आणि डोक्यात काय काय येत होतं. त्यांना पाण्यात पडलेलं बघत होते. भावाला फोन करून सांगतेय, ते बघत होते. डिकीतली बॅग रिकामी करतेय, तेही.

मग भुयारातून आवाज आला. बाबांचा. पण मला कितीतरी वर्षांत ऐकू न आलेला, ठाम आणि मायेचा.

"घाबरू नकोस. आहेस तिथंच बस. मी येतोय. मी कोणाला आत टाकून जात नसतो."

मला वाटलं, ते माझ्याशीच बोलतायत. पण आवाज लांब जात होता. ते दुसऱ्याच कोणाला तरी शोधत होते. चौदाव्याला. आणि मला एकदम आमचं स्वयंपाकघर आठवलं, टेबलावरच्या तीन ताटल्या, आणि आईचा आवाज: 'आणि तू रे, सेनन?'

गाइड स्वतःला मोजत नाही. त्यांनी जन्मभर मोजलं नव्हतं. बाबांचं मोजणं बरोबर होतं. हरवलेला माणूस तेच होते, आणि ते त्यालाच शोधायला पाण्याकडे निघाले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तो वळसा जिवावर बेतणारा होता.

मी कठड्याखालून पलीकडे गेले. भुयारात गुडघ्यांवर सरकत, एका हातात बॅटरी धरून. पुढे छत उंच झालं आणि उतार लागला, चिखलाचा, निसरडा. त्याच्या टोकाला बाबा उभे होते. एक हात भिंतीवर, बूट चिखलात रुतलेले, आणि त्यांच्यापुढे दोन पावलांवर काळंभोर पाणी.

"बाबा, मागे या. आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी प्रकाशाकडे हात केला. "बाई, तुम्ही मंडळींकडे परत जा. एक जण राहिलाय आत."

"कोणी राहिलं नाही! मी कार्मेल आहे. चला ना हो!"

त्यांना माझ्या आवाजातली भीती तेवढी कळली. घाबरलेल्या पाहुण्याचं गाइड ऐकत नाही. ते वळले आणि त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. बुटाखालचा चिखल सुटून पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

मी तोंड मिटलं. बॅटरी खाली, त्यांच्या पायांशी धरली. आवाज जमेल तेवढा जाड केला.

"डोकं सांभाळा, मंडळी," मी म्हणाले. "दगडाला काही होणार नाही."

ते थांबले.

"आज गाइड मी आहे," मी म्हणाले. "माझा एक माणूस सापडत नाहीये. तुम्ही पाहिलात का?"

"हेच तर मी केव्हाचं सांगतोय," बाबा वैतागून म्हणाले. "कसा आहे दिसायला?"

"म्हातारा आहे. उंच. कान मोठे. करड्या रंगाचा कोट."

"नाव?"

"सेनन कॉन्सिडाइन."

ते नाव त्यांनी ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. पाणी ठिबकत राहिलं.

"त्याला ओळखतो मी," ते शेवटी म्हणाले. "तो असा हरवायचा नाही."

"तुम्ही जरा माझ्याजवळ या. मला पुन्हा सगळे मोजू दे. भिंत सोडू नका."

ते आले. भिंतीला हात लावून, एकेक बूट चिखलातून उपटत. हाताच्या अंतरावर आल्यावर त्यांचा कोट धरून ओढावासा वाटत होता, तो मोह मी कसा आवरला ते माझं मला माहीत. मी दोन बोटं उचलली आणि त्यांच्या हेल्मेटवर टकटक केली.

"चौदा," मी म्हणाले.

त्यांचे खांदे सैल पडले. चेहऱ्यावरची सगळी काळजी उतरली. "भरले," ते म्हणाले. "भरले बाई एकदाचे. मला मेली धास्तीच बसली होती."

"मलाही," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं, पण अंधारात ते दिसलं नाही.

भुयारातून मी त्यांना पुढे घातलं. वाटेत ऑर्ला आणि तिचा नवरा दोर घेऊन धावत येताना भेटले. मी ओठांवर बोट ठेवलं. ऑर्ला मुकाट्यानं बाजूला सरली आणि पुढे निघाली, आणि मी सगळ्यांच्या मागे एकेका दालनाचा दिवा विझवत आले. बाबा जन्मात पहिल्यांदाच गाइडच्या पुढे त्या गुहेतून बाहेर पडले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "आत कोणी नाही ना?"

"कोणी नाही."

"मग लावा कुलूप."

ऑर्लानं मला मिठी मारली, आणि मग कानाशी म्हणाली, "परत असं खोटं बोललीस तर तुलाच पाण्यात ढकलेन."

गाडीत हीटर लावला. उन्हं डोंगरावर गेली होती. चहाची वेळ होत आली होती. आता सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा समोर बघत म्हणाले, "चांगली गाइड आहे ती बाई. घाबरली होती, पण कोणाला आत सोडून नाही आली."

सांगायचं पुन्हा राहिलं. मी एनिसच्या रस्त्याला लागले. त्यांना घरी न्यावं, असं वळणावर वाटलं. पण घरी गॅस होता, दार होतं, आणि आता पाण्यापर्यंतची वाटही त्यांना आठवली होती.

आश्रमाच्या आवारात मी डिकी उघडून रेनकोट बाजूला केला. बाबा शेजारी येऊन उभे राहिले.

"ही माझी बॅग."

"हो, बाबा."

"किती दिवसांची?"

"बऱ्याच दिवसांची," मी म्हणाले. आठवडाभर जे जमलं नव्हतं ते इतकंच होतं. "मला एकटीला नाही हो जमत आता."

त्यांनी बॅगेकडे बघितलं, मग इमारतीकडे. "दे इकडे," ते म्हणाले. "गाइडनं सामान उचलायचं नसतं."

आत मोठ्या खोलीत म्हातारी माणसं भिंतीला लागून खुर्च्यांमध्ये बसली होती. टीव्ही चालू होता, कोणी बघत नव्हतं. मेट्रनबाई हसत पुढे आल्या, पण बाबा त्यांच्या शेजारून निघून गेले. बॅग खाली ठेवली आणि पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. दोन बोटांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हलकेच टकटक.

"काय हो, बिशप आहात की काय?" एक म्हातारी खुदकन हसली. "आशीर्वाद तरी नीट द्या!"

बाबा हसले नाहीत. चुकू नये म्हणून ते ओठ हलवत शेवटच्या खुर्चीपर्यंत गेले. मग सावकाश परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी दाराशीच होते, कोट अंगात, किल्ली हातात. त्यांनी माझ्या डोक्यावर टकटक केली नाही. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"तू हो पुढे, कार्मेल," ते म्हणाले. "दारात डोकं सांभाळ. मी शेवटी येतो."

दार चांगलं उंच होतं. तरी मी डोकं वाकवूनच बाहेर पडले.